कारखाने आले, शहर कोणी बांधले?

पुण्याहून नाशिककडे जाणाऱ्या एस.टी.त खिडकीजवळची जागा मिळाली, तर एक निरीक्षण करून पाहा. भोसरी मागे पडते, मोशी येते आणि मग इंद्रायणीवरचा पूल लागतो. पुलाशी पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेची हद्द संपते. पलीकडे खेड तालुका सुरू होतो. चिंबळी फाटा, कुरुळी आणि मग चाकण. कारखाने नदीच्या दोन्ही बाजूंना आहेत. दोन्हीकडे मोटारी, सुटे भाग, यंत्रे तयार होतात. कामगारही त्याच जिल्ह्यांतून आलेले. पण महामार्ग सोडून आतल्या वस्त्यांकडे वळलात, तर फरक जाणवू लागतो. अलीकडे दुभाजक असलेले रस्ते, पदपथ, दिवे, उद्याने, जमिनीखालची गटारे यांचे जाळे दिसते. त्यातही उणिवा आहेत, पण जाळे आहे. पलीकडे कारखाने अधिक नवे, अधिक आधुनिक. पण त्यांच्या फाटकाबाहेर कंटेनरच्या रांगा, शेताच्या बांधावर उभ्या राहिलेल्या खोल्यांच्या चाळी आणि सांडपाणी वाहून नेणारे उघडे ओढे.

एकाच औद्योगिक पट्ट्यात एवढा फरक का पडला असेल? ‘तिकडचे पुढारी चांगले, इकडचे वाईट’ असे उत्तर पटकन मिळते. त्यापेक्षा जुने आणि साधे उत्तर इतिहासात आहे. रस्ता, नळ आणि गटार यांना पैसा लागतो. तो पैसा गोळा करण्याचा हक्क कोणाला, कोणत्या वर्षी मिळाला आणि कोणत्या वर्षी गेला, यावर पुष्कळ काही ठरते. या लेखात त्या पैशाचा माग काढू या.

कारखाने इथेच का आले?

पन्नास-साठ वर्षांपूर्वीपर्यंत पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी ही शेतीवर जगणारी गावे होती. चिंचवडची ओळख मोरया गोसावींच्या समाधीमुळे. पिंपरीत फाळणीनंतर सिंध प्रांतातून आलेल्या निर्वासितांची मोठी वसाहत वसली. या गावांच्या बाजूने दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे मुंबई-पुणे रेल्वे आणि तिला जोडून जाणारा रस्ता. बोरघाटातून जाणारा रेल्वेमार्ग १८६३ मध्ये पूर्ण झाला होता. दुसरी म्हणजे वीज. टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले आणि घाटमाथ्यावरचे पाणी कोकणात सोडून वीज निर्माण होऊ लागली. १९३०च्या सुमारास मुंबई-पुणे रेल्वे विजेवर धावू लागली होती.

पहिला मोठा कारखाना सरकारी होता. १९५४ मध्ये पिंपरीला हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. युनिसेफ आणि जागतिक आरोग्य संघटना यांच्या मदतीने पुढच्याच वर्षी तिथे पेनिसिलिनचे उत्पादन सुरू झाले. मग १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजे आपल्या बोलण्यातले एमआयडीसी, स्थापन झाले. जमीन संपादन करायची, भूखंड पाडायचे, रस्ते आणि पाणी द्यायचे आणि ते भूखंड उद्योजकांना द्यायचे, हे त्याचे काम. आकुर्डीला बजाज ऑटो आणि १९६६ मध्ये पिंपरीला टेल्को, म्हणजे आजची टाटा मोटर्स, असे मोठे कारखाने आले. त्यांना सुटे भाग पुरवणारे शेकडो लहान कारखाने भोसरीच्या बाजूला उभे राहिले.

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. एमआयडीसीने कारखान्यांची सोय केली, कामगारांच्या गावाची नव्हे. कारखान्याच्या भूखंडापर्यंत रस्ता आणि पाणी आले. पण त्या कारखान्यात काम करणारा माणूस संध्याकाळी जिथे परत जातो, तिथला रस्ता, तिथले गटार, तिथली शाळा हे कोणाचे काम? ते होते चार ग्रामपंचायतींचे. त्यांचे उत्पन्न घरपट्टी, दिवाबत्ती कर आणि बाजारातली वसुली एवढेच.

चार ग्रामपंचायती आणि एक नाका

४ मार्च १९७० रोजी या चार गावांची मिळून पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली. अण्णासाहेब मगर यांचा त्यात पुढाकार होता. वरवर पाहता हा केवळ प्रशासकीय बदल. पण त्यामुळे कारखान्यांचा पट्टा आणि कामगारांची वस्ती एकाच हद्दीत आली आणि त्या हद्दीवर जकात नाके उभे करता आले. या शहराच्या पुढच्या चाळीस वर्षांचा पाया तिथे घातला गेला.

जकात म्हणजे काय, हे आजच्या विद्यार्थ्यांना समजावून सांगावे लागते, कारण त्यांनी नाका पाहिलेलाच नाही. शहराच्या हद्दीत वापरासाठी, विक्रीसाठी किंवा उत्पादनासाठी जो माल येतो, त्यावर हद्दीवरच घेतला जाणारा हा कर. समजा, एका ट्रकमध्ये पाच लाख रुपयांचे पोलादी पत्रे आहेत आणि जकातीचा दर दोन टक्के आहे. नाक्यावर दहा हजार रुपये भरले, पावती घेतली की ट्रक आत. असे रोज शेकडो ट्रक येत असतील, तर तिजोरीत रोज रोख रक्कम पडते. घरपट्टीसारखी वर्षभर वाट पाहावी लागत नाही, की वसुलीसाठी दारोदार फिरावे लागत नाही.

पिंपरी-चिंचवडला हा कर फारच मानवला. नुसत्या राहत्या वस्तीच्या शहरात धान्य, कापड, किराणा येतो. इथे मात्र पोलाद, रबर, रंग, यंत्रे, इंजिनांचे भाग येत होते, म्हणजे माणसांच्या गरजेपेक्षा कितीतरी अधिक किमतीचा माल. १९७१ मध्ये शहराची लोकसंख्या एक लाखाच्या आत होती आणि तिच्या मानाने नाक्यावरचे उत्पन्न मोठे होते. ११ ऑक्टोबर १९८२ रोजी नगरपालिकेची महानगरपालिका झाली. पुढे ‘आशियातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका’ असे तिच्याविषयी बोलले जाऊ लागले. आशियातल्या सगळ्या शहरांचे हिशेब कोणी तपासले होते हा प्रश्नच आहे; पण त्या म्हणण्यामागची भावना खोटी नव्हती.

हा पैसा खरा कोणाचा होता? कारखानदाराने भरलेली जकात शेवटी मालाच्या किमतीत मिसळते. नागपूरच्या किंवा लखनौच्या एखाद्या गृहस्थाने आकुर्डीची स्कूटर घेतली, तर तिच्या किमतीत आकुर्डीच्या रस्त्याचाही थोडा अंश होता. शहरातल्या रहिवाशाला मात्र तो कर दिसत नव्हता. सोय मिळत होती आणि खिशाला झळ फारशी लागत नव्हती. याचा एक तोटाही झाला. आपण स्वतः भरलेल्या पैशाचा हिशेब माणूस विचारतो. न दिसणाऱ्या पैशाचा हिशेब विचारायची सवय लागत नाही.

नाक्याचे दोषही उघड होते. ट्रकच्या रांगा, वाया जाणारे डिझेल, मालाची किंमत कमी दाखवणे आणि चिरीमिरी. अर्थतज्ज्ञांचा या कराला अनेक दशके विरोध होता. गंमत अशी, की शहराच्या आतले रस्ते ज्या पैशातून रुंद होत होते, तो पैसा गोळा करण्यासाठी शहराच्या वेशीवर वाहने थांबवून ठेवावी लागत होती.

जमिनीतून पैसा

शहर बांधायला पैसा मिळवण्याची दुसरी रीत आहे जमिनीची. शेतजमीन घ्यायची, तिथे रस्ते आणि पाणी आणायचे. त्यामुळे तिची किंमत वाढते. वाढलेल्या किमतीला भूखंड द्यायचे आणि त्या पैशातून आणखी रस्ते करायचे.

ही रीत महाराष्ट्राला नवीन नव्हती. १८९६ मध्ये मुंबईत प्लेगची साथ आली. दाट, कोंदट वस्त्यांमुळे रोग पसरतो, असे त्या वेळच्या राज्यकर्त्यांना वाटले आणि १८९८ मध्ये मुंबई शहर सुधारणा न्यास स्थापन झाला. सरकारने आणि महापालिकेने त्याला जमिनी दिल्या, महापालिका दरवर्षी वर्गणी देई आणि उरलेला पैसा कर्जातून उभा राही. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रस्ते आणि दादर-माटुंग्याच्या आखीव वसाहती ही त्याची कामे. १९३३ मध्ये तो न्यास महापालिकेत विलीन झाला. त्याच्यावर एक गंभीर आक्षेप घेतला गेला. रस्ते करताना गरिबांच्या जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या त्यांना परवडतील अशा खोल्या बांधल्या गेल्या नाहीत. त्यामुळे उठवलेली माणसे शेजारच्या वस्त्यांत आणखी दाटीने राहू लागली. ज्या दाटीवर उपाय करायचा, तीच दुसरीकडे वाढली.

पिंपरी-चिंचवडमध्ये ही रीत आणली ती १९७२ मध्ये स्थापन झालेल्या नवनगर विकास प्राधिकरणाने. निगडी-आकुर्डीचा ‘प्राधिकरण’ म्हणून ओळखला जाणारा भाग पाहा. क्रमांक दिलेले सेक्टर, सरळ रस्ते, झाडांच्या रांगा. कारखान्यातल्या माणसाला जवळ, नियोजित घर मिळावे हा हेतू. तो काही प्रमाणात साधलाही. पण भूखंड ज्यांना घेता आले ते राहिले प्राधिकरणात, आणि ज्यांना ते जमले नाही ते झोपडपट्टीत किंवा गावठाणाभोवतीच्या अनधिकृत घरांत.

ज्यांची जमीन गेली त्यांचे काय? याचे उत्तर समजून घ्यायला आपल्याला थोडे समुद्राकडे जावे लागेल. १९७० मध्ये स्थापन झालेल्या सिडकोने नवी मुंबईसाठी ठाणे-रायगडमधल्या जमिनी घेतल्या. मोबदल्याच्या प्रश्नावर जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली मोठे आंदोलन झाले. गोळीबारात पाच जणांचा बळी गेला. त्यातून ‘साडेबारा टक्के’ योजना आली. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची. म्हणजे शहर झाल्यामुळे जमिनीची जी किंमत वाढली, तिचा एक वाटा शेतकऱ्यालाही. हे तत्त्व पुढे पिंपरी-चिंचवडमध्येही लागू झाले. पण १९७२ ते १९८३ या पहिल्या काळात ज्यांची जमीन गेली, त्यांच्या परताव्याचा प्रश्न पुढची कित्येक दशके लोंबकळत राहिला. २०२१ मध्ये प्राधिकरणच विसर्जित करून त्याचे क्षेत्र आणि कामे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण व महापालिका यांच्यात वाटली गेली, तेव्हाही तो सुटलेला नव्हता.

पाण्याचा हिशेब

जकात आणि जमीन यांचे आकडे निदान वहीत असतात. पाण्याच्या बाबतीत एक मोठा आकडा वहीत येतच नाही.

मावळातल्या पवना नदीवर १९७२च्या सुमारास धरण झाले. धरणातून सोडलेले पाणी नदीच्या पात्रातून वाहत येते, रावेत येथील बंधाऱ्यात अडते, तिथून उपसून निगडीच्या केंद्रात शुद्ध होते आणि नळांत जाते. शहर वाढले ते या पाण्यावर. १९९१च्या जनगणनेत लोकसंख्या पाच लाखांच्या वर गेली. १९९७ मध्ये आसपासची गावे महापालिकेत आली. २००१ मध्ये लोकसंख्या दहा लाखांवर, तर २०११ मध्ये १७ लाख २७ हजारांवर गेली. धरण मात्र तेवढेच राहिले.

२००५ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनरुत्थान अभियान सुरू केले. दहा लाखांहून मोठ्या, पण चाळीस लाखांपेक्षा लहान शहरांसाठी त्यातली वाटणी अशी होती : केंद्राचे ५० टक्के, राज्याचे २० टक्के आणि शहराचे स्वतःचे ३० टक्के. म्हणजे शंभर रुपयांचे काम करायचे, तर आधी स्वतःचे तीस रुपये पदरी हवेत. पिंपरी-चिंचवडकडे ते होते, कारण नाका होता. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, त्यातला हा प्रकार. उड्डाणपूल, रुंद रस्ते आणि जलद बससेवेचे मार्ग यांतली बरीच कामे या काळातली.

याच योजनेतून धरणापासून थेट निगडीपर्यंत बंद जलवाहिनी टाकायचे ठरले. शहराची बाजू अशी : पात्रातून येताना पाणी वाया जाते, दूषित होते, नळातून आणले तर स्वच्छ आणि पुरेसे मिळेल. मावळातल्या शेतकऱ्यांची बाजू अशी : पाणी पात्रातून वाहते म्हणून आमच्या विहिरी आणि उपसा पंप चालतात; ते नळात गेले की नदी कोरडी. शिवाय धरणात ज्यांच्या जमिनी बुडाल्या, त्यांच्यापैकी शेकडो खातेदारांना चाळीस वर्षांनंतरही पर्यायी जमीन मिळालेली नव्हती. दोन्ही बाजूंत तथ्य होते. ९ ऑगस्ट २०११ रोजी मावळात बऊर येथे मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर शेतकऱ्यांनी आंदोलन केले. पोलिसांनी गोळीबार केला आणि तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला. जलवाहिनीचे काम थांबले. २०२३ मध्ये शासनाने स्थगिती उठवली, तरी मावळातला विरोध संपला नाही.

हा प्रश्न या खोऱ्यांना अगदी नवा नव्हता. शेजारच्या मुळशीत १९२१ मध्ये सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह झाला होता. टाटांच्या धरणात बुडणाऱ्या गावांचा तो लढा. धरणाची वीज मुंबईसाठी होती. कारखाने इथे का आले, हे सांगताना वर जलविद्युत केंद्राचा उल्लेख केला. अशा विजेचीही किंमत कोणीतरी मोजलेली असते.

२०१९ च्या नोव्हेंबरात शहरात दिवसाआड पाणी देणे सुरू झाले. त्यानंतर महापालिकेने आंद्रा आणि भामा आसखेड या दुसऱ्या धरणांकडे मोर्चा वळवला. भामा आसखेड आहे खेड तालुक्यात, म्हणजे चाकणच्या परसात. ते पाणी पुण्याला जाते, पिंपरी-चिंचवडसाठीही राखून ठेवलेले आहे. ज्याच्या अंगणात आड, त्याच्याआधी शेजाऱ्याची घागर भरते. कारण पंप, नळ आणि शुद्धीकरण केंद्र बांधण्याची ऐपत शेजाऱ्याकडे असते.

नाका बंद झाला

१ एप्रिल २०१३ रोजी पिंपरी-चिंचवडमधली जकात बंद झाली. तिच्या जागी स्थानिक संस्था कर आला. नाक्यावर ट्रक न थांबवता व्यापाऱ्याच्या हिशेबाच्या वहीवरून वसूल होणारा हा कर. व्यापाऱ्यांचा त्याला कडाडून विरोध झाला आणि १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांना तो माफ झाला. १ जुलै २०१७ रोजी देशभर वस्तू आणि सेवा कर लागू झाला आणि उरलासुरला करही गेला. महानगरपालिकांचे नुकसान भरून देण्यासाठी राज्याने त्याच वर्षी कायदा केला. २०१६-१७चे उत्पन्न पाया धरायचे आणि दरवर्षी त्यात आठ टक्के वाढ धरून भरपाई द्यायची.

ही वाढ पुरेशी आहे का? वर्गात हे गणित जरूर घालावे. आठ टक्के चक्रवाढीने रक्कम नऊ वर्षांत जवळपास दुप्पट होते. ऐकायला चांगले वाटते. पण २००१ ते २०११ या दहा वर्षांत या शहराची लोकसंख्या ७० टक्क्यांहून अधिक वाढली, म्हणजे दरवर्षी सुमारे साडेपाच टक्के. तोच वेग राहिला आणि महागाई वर्षाला पाच टक्के धरली, तर आहे तीच सोय तेवढ्याच दर्जाची ठेवायलाही खर्च दरवर्षी साडेदहा टक्क्यांहून अधिक वाढायला हवा. भरपाई आणि गरज यांत दरवर्षी अडीच-तीन टक्क्यांची फट पडते आणि चक्रवाढीने ती रुंदावत जाते. लोकसंख्येचा वेग मंदावला तर फट कमी होईल. आकडे बदलून विद्यार्थ्यांनी स्वतः पडताळावे.

त्याहून महत्त्वाचा बदल आकड्यांत दिसत नाही. नाक्यावरचा पैसा शहराचा स्वतःचा होता. भरपाईचा पैसा राज्याकडून येतो. म्हणजे स्वतः कमावणारे शहर महिन्याच्या महिन्याला मिळणाऱ्या रकमेवर अवलंबून राहू लागले.

अशा वेळी कर्जाचा रस्ता पुढे येतो. देशात १९९८ मध्ये अहमदाबाद महापालिकेने राज्य सरकारच्या हमीशिवाय १०० कोटी रुपयांचे रोखे काढून हा रस्ता दाखवला होता. पुण्याने २०१७ मध्ये पाणीपुरवठ्यासाठी २०० कोटींचे रोखे काढले. पिंपरी-चिंचवडने २०२३ मध्ये २०० कोटी रुपयांचे रोखे काढले आणि २०२५ मध्ये पर्यावरणपूरक कामांसाठी हरित रोखे काढले. रोखे म्हणजे अनेकांकडून घेतलेले, ठरावीक व्याजाचे कर्ज. २०० कोटींवर समजा आठ टक्के व्याज असेल, तर वर्षाला १६ कोटी रुपये केवळ व्याजाचे. मुद्दल वेगळे. २०११ च्या लोकसंख्येवर २०० कोटी वाटले, तर माणशी सुमारे ११५८ रुपये येतात. कर्ज वाईट नव्हे. जो नळ पुढची तीस वर्षे चालणार, त्याचा खर्च पुढच्या पिढीनेही थोडा उचलावा यात न्याय आहे. पण कर्ज मिळते ते परत फेडण्याची ऐपत दिसते त्याला. ती ऐपत पुन्हा जुन्या नाक्याच्या पुण्याईवर उभी आहे.

इंद्रायणीपलीकडे

आता पूल ओलांडून चाकणला येऊ या. चाकण काही नवे गाव नव्हे. १६६० मध्ये शाहिस्तेखानाच्या फौजेला फिरंगोजी नरसाळ्यांनी ज्या संग्रामदुर्गाशी झुंजवले, तो किल्ला इथलाच. कांद्याच्या बाजारासाठी चाकणचे नाव दूरवर पोचलेले. १९९० नंतर इथे औद्योगिक क्षेत्राचे टप्पे पडू लागले. १९९९ मध्ये बजाज ऑटोचा कारखाना आला. २००९ मध्ये फोक्सवॅगन आणि मर्सिडीज-बेंझ यांचे कारखाने सुरू झाले. महिंद्राही आली. पिंपरी-चिंचवडमध्ये जागा महाग आणि अपुरी होत चालली होती. शिवाय नदीपलीकडे जकातीची हद्द नव्हती, हेही कारखानदारांना सोयीचेच असणार.

पण चाकणला ते साधले नाही जे पिंपरीला १९७० मध्ये साधले होते. कारखाने महाळुंगे, निघोजे, खराबवाडी, कुरुळी अशा वेगवेगळ्या ग्रामपंचायतींच्या हद्दींत विखुरले गेले. प्रत्येकीची वही वेगळी, प्रत्येकीचा ग्रामसेवक वेगळा. चाकणची नगरपरिषद झाली ती २०१५ मध्ये, आणि तिच्या हद्दीत गाव आले, मोठे कारखाने बहुतेक बाहेरच राहिले. ती आधी झाली असती तरी फार उपयोग झाला नसता, कारण राज्यातल्या नगरपरिषदांची जकात १९९९ मध्येच बंद झाली होती. ज्या वर्षी चाकणला मोठा कारखाना आला, त्याच वर्षी ते दार मिटले.

स्वतःची थैली नाही म्हणून मोठ्या योजनेत भरायला हिस्सा नाही. हिस्सा नाही म्हणून केंद्राचे अनुदान नाही. आणि उत्पन्नाची वही भक्कम नाही म्हणून रोखे काढायचा प्रश्नच नाही. दुष्टचक्र म्हणतात ते हेच. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरण २०१५ मध्ये झाले. पण त्याचे क्षेत्र अफाट आणि चाकण त्यातला एक कोपरा. २०२५ मध्ये चाकणच्या वाहतूककोंडीवरून ओरड झाली, तेव्हा या भागाला स्वतंत्र महानगरपालिका हवी, अशी चर्चा पुन्हा झाली. पिंपरीत पहिल्या मोठ्या कारखान्यानंतर सोळा वर्षांत नगरपालिका आली होती. इथे पहिल्या मोठ्या कारखान्याला पंचवीस वर्षे उलटून गेली, तेव्हा कुठे ही चर्चा.

नदीला हद्द कळत नाही

या सगळ्याचा जमाखर्च शेवटी इंद्रायणीत उतरतो. शहरी पाणीपुरवठ्याच्या मानकाप्रमाणे माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते. त्यातले साधारण ८० टक्के, म्हणजे १०८ लिटर, सांडपाणी होऊन बाहेर पडते. एक लाख वस्तीचे रोज एक कोटी आठ लाख लिटर. पाणी आणायला जसा पैसा लागतो, तसाच ते शुद्ध करून नदीत सोडायलाही लागतो. पण नळाचे उद्घाटन होते, मैलाशुद्धीकरण केंद्राचे सहसा कोणी आग्रहाने मागत नाही. अलीकडच्या वर्षांत आळंदीजवळ इंद्रायणीवर पांढऱ्या फेसाचे थर दिसले, त्याच्या बातम्या आपण वाचल्या. साबण आणि धुण्याच्या पावडरींतली फेसजनक द्रव्ये, शुद्ध न केलेले सांडपाणी आणि कारखान्यांतून येणारी द्रव्ये मिळून असा फेस होतो. बंधाऱ्यावरून पाणी पडले की तो उसळतो. फेसातला कोणता भाग श्रीमंत काठाचा आणि कोणता गरीब काठाचा, हे सांगता येत नाही. एका काठाने पैसा असून उशीर केला आणि दुसऱ्या काठाकडे पैसाच नव्हता. वारकऱ्याच्या ओंजळीत दोन्ही एकत्र येतात.

शिक्षकांनी या विषयावर एक उपक्रम घ्यावा असे सुचवावेसे वाटते. आपल्या नगरपालिकेचे किंवा ग्रामपंचायतीचे अंदाजपत्रक मिळवावे. ते सार्वजनिक असते, मागितले तर द्यावे लागते. फळ्यावर तीन रकाने आखावेत : स्वतःचे उत्पन्न, अनुदान आणि कर्ज. प्रत्येक रकमेला तिच्या रकान्यात बसवावे. कोणता रकाना मोठा, यावरून आपले गाव स्वतःच्या पायावर किती उभे आहे ते कळेल. मग चौथा रकाना आखावा. त्यात रुपये लिहायचे नाहीत. आपल्या नळाचे पाणी कोणत्या धरणातून येते, त्या धरणाखाली कोणती गावे गेली, आपला कचरा कोणत्या गावाच्या हद्दीत जातो, आपले सांडपाणी खाली कोणाच्या काठाला लागते, ते लिहायचे.

अंदाजपत्रकात हा चौथा रकाना छापलेला नसतो. तो भरायला मुलांना घरच्या आजी-आजोबांना विचारावे लागेल, नदीकाठी जावे लागेल, कदाचित मावळातल्या किंवा खेडच्या एखाद्या शाळेला पत्र लिहावे लागेल. उत्तर आले, तर ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवावे.